जुन्या गाडीची पडतळ

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या आमच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक गोष्ट सहज नजरेत येते. कापडवाला असो, फर्निचरचा कारागीर असो, ग्रिल-वेल्डिंगचे काम करणारा असो की चिक्कीच्या दुकानांना खोकी पुरवणारा असो, ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने मोठी गाडी घेतली. नवी नव्हे, जुनी. स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी, इनोव्हा, क्वचित फॉर्च्युनर. सात माणसे बसतात, घाट चढते, पवन मावळातल्या खड्ड्यांना दाद देत नाही, आणि लग्नकार्यात दारासमोर उभी राहिली तर पाहुण्यांत मान वाढतो. नवी घ्यायची तर पंधरा-वीस लाखांची बात. शिवाय आपल्यातल्या अनेकांना व्याजाचे कर्ज नको असते, म्हणून रोखीत बसेल ती गाडी बघितली जाते. या खरेदीला आमचा विरोध नाही. आम्ही स्वतः अशीच गाडी वापरतो.

आमची तक्रार दुसरी आहे. गाडी घेताना आपण जेवढी घासाघीस करतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही विचार ती सांभाळण्याचा करीत नाही. पाच हजार रुपये कमी करून घेण्यासाठी तीन फेऱ्या मारतो, आणि गाडी दारात आल्यावर बॉनेट उघडून तेलाची काडीसुद्धा बघत नाही. दोन वर्षांनी तीच गाडी गॅरेजच्या मागे विटांवर उभी असते आणि मालक सांगत फिरतो की माल खराब निघाला. आमचे मत असे आहे की बहुतेक वेळा माल खराब निघत नाही, घेतल्यानंतर आपण तो खराब करतो. धंदेवाईक माणसाच्या बाबतीत तर ही भांडवलाचीच नासाडी आहे.

घेतलेला भाव आणि बसलेला भाव

कापडाच्या धंद्यात आम्ही पडतळ काढतो. भिवंडीत, इचलकरंजीत किंवा सुरतेत मीटरचा जो भाव ठरला तो काही खरा भाव नव्हे. त्यावर दलाली, गाठ बांधणी, गाडीभाडे, हमाली, डागी माल आणि उधारीत अडकलेल्या पैशाचा भार चढवायचा, तेव्हा कळते की कापड आपल्याला कितीला पडले. पडतळ न काढता माल विकणारा व्यापारी वर्षभर गल्ल्याकडे बघून खूश राहतो आणि दिवाळीला हिशेब करताना डोके धरतो.

जुन्या गाडीलाही हाच कायदा लागू आहे. विकणाऱ्याला दिलेली रक्कम ही केवळ पहिली रक्कम. गाडीला कामाच्या लायकीची करण्यासाठी पहिल्या महिन्यात जो खर्च येतो तो किमतीतच धरला पाहिजे. आमचा ठोकताळा असा आहे की हातात पाच लाख असतील तर गाडी चार लाखांचीच बघावी आणि एक लाख बाजूला ठेवावेत. ते लागले नाहीत तर उत्तम. पण पाचच्या पाच लाख मालकाच्या हातावर ठेवून रिकाम्या खिशाने गाडी घरी आणणे म्हणजे संपूर्ण भांडवल मालात घालून दुकानाचे भाडे विसरणे आहे.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१८ साली आम्ही आठ वर्षांची, १ लाख १० हजार किलोमीटर चाललेली सात सीटची डिझेल गाडी ४ लाख ६० हजारांना घेतली. गाडीचे नाव येथे देत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. होते ते सगळे पैसे सौद्यात गेले. ओळखीच्या उस्तादांनी सांगितले होते की पाण्याच्या नळ्या आणि कूलंट बदलून घ्या. आम्ही म्हणालो, लग्नसराई संपू द्या, मग बघू.

मे महिन्यात मुंबईहून साड्यांचा माल घेऊन येत होतो. खोपोली मागे टाकून घाट चढायला लागलो आणि उष्णतेचा काटा वर सरकला. एसी चालू, गाडी भरलेली, दुपारची वेळ. आम्ही मनाशी म्हटले, खंडाळा आता आलेच. ते थोडे अंतर आम्हाला महाग पडले. जुनी नळी फुटून पाणी निघून गेले होते, हेड गॅस्केट गेली आणि हेडलाही बाक आला. ६८ हजारांचे बिल झाले. गाडी १९ दिवस उभी राहिली, तेवढे दिवस भाड्याचा टेम्पो करावा लागला आणि भर हंगामात दोन गिऱ्हाईकांचा माल वेळेवर पोचला नाही तो वेगळाच. उस्ताद बिल देताना एवढेच म्हणाले, “शेठ, काटा वर गेला तिथेच इंजिन बंद केलं असतं, तर नळीवर भागलं असतं.” ती नळी काही शे रुपयांची होती.

त्यानंतर राहिलेली सगळी कामे एकदम करून घेतली, त्याला ५२ हजार लागले. म्हणजे ४ लाख ६० हजारांची गाडी आम्हाला ५ लाख ८० हजारांना पडली. ही तिची खरी पडतळ.

आधी कागद

गाडीच्या आधी कागद दुरुस्त करावेत. आपल्यात ही सवय फार वाईट आहे की ओळखीत सौदा झाला, फॉर्मवर सह्या घेतल्या आणि कागद कपाटात ठेवले. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत विक्रीची खबर द्यायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची असते. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. मावळातल्या गाड्यांचे काम पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे, म्हणजे एमएच १४ कडे आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याची नोंद ३५ नंबरच्या फॉर्मने झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुने ई-चलान थकलेले आहेत का, तेही गाडीच्या नंबरावर बघून घ्यावे.

विकणाऱ्या बांधवांनाही सावध करतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार मालक धरला जाईल, गाडी त्याने कधीच विकून टाकली असली तरी. तेव्हा नाव बदलणे हे घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये.

विम्याचेही तसेच. गाडीबरोबर तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावीच लागते. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज द्यावा. क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात जी सूट असते ती जुन्या मालकाची असते, गाडीबरोबर येत नाही. विक्रेता ती सूट दाखवून भाव चढवीत असेल तर फसू नये.

परराज्यातल्या गाड्यांबद्दल एक शब्द. २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. गाडी चांगली असू शकते, पण तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स आणि नव्या नोंदणीचा खर्च धरून पडतळ काढा. अनेकदा स्वस्ताई तिथेच संपते.

आणखी एक हिशेब गाडीच्या वयाचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ही फी १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ६०० वरून ५ हजार रुपये झाली, आणि २० वर्षांवरील गाडीला २०२५ मध्ये १० हजार करण्यात आली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १३ वर्षांची गाडी घेणाऱ्याने हे खर्च दोन वर्षांवर आलेले आहेत हे लक्षात ठेवावे.

पहिल्या महिन्याची कामे

जुन्या मालकाने तेल कधी बदलले, हे त्याने सांगितले तरी खरे धरू नये. माणूस खोटा असतो असे नाही, पण त्यालाही आठवत नसते. म्हणून गाडी आली की सगळी तेले बदलून टाकावीत आणि त्या तारखेपासून आपला हिशेब सुरू करावा. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेकचे तेल, पॉवर स्टेअरिंगचे तेल, गिअरबॉक्सचे आणि मागच्या डिफरन्शियलचे तेल. शेवटची दोन आपल्याकडे कोणी बदलीतच नाही, कारण ती दिसत नाहीत. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून गाडी कमी चालली असली तरी दोन वर्षांनी ते बदलावेच.

कोणत्या नंबरचे तेल घालायचे हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेले असते. ते पुस्तक इंग्रजीत असते. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला वाचायला कंटाळा येतो, हे खरे. पण घरातल्या कॉलेजच्या मुलाला बसवून चार पाने वाचून घेतली तर काही बिघडत नाही. पुस्तक हरवले असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारावे. ‘चालते हो’ म्हणून कोणतेही तेल ओतू नये.

दुसरे काम रबराचे. पाण्याच्या नळ्या, पंख्याचा पट्टा, ब्रेकच्या रबरी नळ्या, सस्पेन्शनचे बुश. रबर वर्षांनी म्हातारे होते, किलोमीटरने नव्हे. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, जसे पहिल्या इनोव्हाचे डिझेल इंजिन, तिथे तो बेल्ट केव्हा बदलला याचा लेखी पुरावा नसेल तर बदलूनच टाकावा. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर इंजिन उघडावे लागते.

तिसरे काम टायरचे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसते म्हणून जुना टायर चालवू नये. आमच्या दाराशी एक्सप्रेस वे आहे. सिमेंटचा रस्ता, उन्हाळ्यातली दुपार, भरलेली गाडी आणि म्हातारा टायर हे चार एकत्र आले तर काय होते, हे या रस्त्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. पाचव्या टायरची हवाही महिन्यातून एकदा बघावी.

घाटाची शिस्त

सपाट मुलखातल्या गाडीपेक्षा आपल्या गाडीला वेगळे आयुष्य आहे. ती आठवड्यातून दोनदा बोरघाट चढते-उतरते. चढताना इंजिन तापते, उतरताना ब्रेक तापतात.

चढासाठी रेडिएटर आतून-बाहेरून स्वच्छ हवा. चिखल आणि किडे जाळीत अडकून हवा बंद होते, ते साध्या पाण्याने धुता येते. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरण्याची सवय सोडावी. त्याने आत गंज आणि खार धरतो. काही गॅरेजमध्ये गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. हा इलाज नव्हे. त्याने इंजिन थंडीत नीट गरम होत नाही, डिझेल जास्त लागते आणि इंजिनाची झीज वाढते. ताप कशाने येतो ते शोधावे. चढ चढून आल्यावर किंवा हायवेवरून जोरात आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. एखादे मिनिट चालू ठेवावी, टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो.

उतारासाठी नियम असा की ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून घाट उतरणारे लोक अजून आहेत. नव्या पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि पाय उचललेला असताना डिझेल बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागते. म्हणजे बचत होत नाहीच, उलट सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे तेल जुने असेल तर ते उकळते, आणि मग पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही.

शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांची रांग लागते. त्या रांगेत अर्धा क्लच दाबून चढावर गाडी धरून ठेवू नये. हँडब्रेक ओढावा. क्लच प्लेटचा खर्च अशा पाच-पंचवीस रविवारांतूनच तयार होतो.

पावसाचा मार

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. येथे गाडी इंजिनाने मरते त्यापेक्षा जास्त वेळा गंजाने मरते. इंजिन नवे बांधता येते, सडलेली चासी नीट होत नाही.

मे महिन्यात गाडी जॅकवर घेऊन खालून बघावी. गंज खरवडून, कोरडे करून मगच खालचे कोटिंग मारावे. ओल्या गंजावर काळा थर फासला तर आत सडणे चालूच राहते आणि वरून आपल्याला समाधान वाटते. दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची छोटी छिद्रे असतात, ती चिखलाने बुजली की दार आतून सडते. एक काडी घेऊन ती मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पावसात आठवड्यातून एकदा चाकांच्या वरचा आणि खालचा चिखल पाण्याच्या जोराने काढावा. कोकणात जाऊन आल्यावर तर नक्कीच, कारण तिकडची हवा खारी. पायाखालचे मॅट उचलून गालिचा ओला आहे का बघावे. ओल राहिली की पत्राही जातो आणि वायरिंगही.

डिझेल फिल्टरखाली पाणी साठण्याची जागा असते, ती पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून टाकावी. साठलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक हलके दाबत सुकवावेत, आणि क्रॉस व इतर ठिकाणी ग्रीस भरून घ्यावे. पाणी किती खोल आहे माहीत नसेल तर गाडी घालूच नये. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मोठी गाडी आहे म्हणजे होडी नव्हे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. घर ते दुकान, दुकान ते मंडई अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवावी, म्हणजे काजळी जळून जाते. ज्याचे सगळे फिरणे गावातल्या गावात आहे, त्याने बीएस-६ डिझेल घेऊ नये, पेट्रोल बघावी. ही आमची साफ सूचना आहे.

गाठी वाहू नका

आता कापडवाल्या बांधवांना एक कडू गोष्ट. मागच्या सीटा काढून गाठी भरणे ही आपली जुनी खोड आहे. सात माणसे प्रत्येकी ६८ किलोंची धरली तर वजन ४७६ किलो होते. गाडीचे पाटे, स्प्रिंग आणि ब्रेक साधारण त्या अंदाजाने बनवलेले असतात. आपण तिच्यात सात-आठशे किलोच्या गाठी कोंबतो आणि मग पाटा तुटला म्हणून लोहाराला दोष देतो.

नुकसान तेवढेच नाही. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते. सॅम्पल आणि आपले सामान सोडून इतर माल वाहण्यासाठी ती पॉलिसी नसते. म्हणजे सॅम्पलच्या दोन बॅगा चालतील, विक्रीच्या गाठी चालणार नाहीत. गाठींसह अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण आपणच देतो. टेम्पोचे भाडे वाचवले म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. आम्ही त्या मे महिन्यात साड्यांचा माल भरला होता, तीही चूकच होती, आणि आता माल टेम्पोनेच येतो.

जीएसटीचा नंबर असलेल्यांनी हेही लक्षात घ्यावे की अशा प्रवासी गाडीच्या खरेदीवर आणि दुरुस्तीवर भरलेल्या कराची वजावट कापडाच्या धंद्यात मिळत नाही. तेव्हा ‘बिलात धरू’ हा हिशेब मनात ठेवून गाडीवर खर्च करू नये.

मालक आणि उस्ताद

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या पानाचे वाचक दोन्ही बाजूंना आहेत. गाडीचे मालक आपण, आणि मिस्त्री, डेंटर, पेंटर, वायरमन, सीटवाले यांतही आपलेच बरेच लोक.

मालकांचे वागणे कसे आहे? नव्या गाडीच्या शोरूमला न बोलता कार्ड देतात, आणि उस्तादांना म्हणतात, “चाचा, पुढच्या महिन्यात घ्या.” पुढचा महिना ईदपर्यंत जातो. उस्ताद सुटे भाग स्वतःच्या पैशाने आणतो, दुकानदार त्याला उधार देत नाही, मग तो स्वस्तातला भाग लावतो. तो भाग सहा महिन्यांत जातो आणि मालक म्हणतो उस्ताद चोर आहे. आमचे म्हणणे असे की या चोरीत अर्धा वाटा उधारी ठेवणाऱ्याचा आहे. कापडाची उधारी थकली की आपण किती बोलतो! मग मजुरीची उधारी का ठेवावी? भागांचे पैसे आधी, मजुरी गाडी नेताना, असा नियम करावा.

कारागीर बांधवांनाही दोन शब्द. काम उत्तम करता, पण लिहीत काही नाही. कच्च्या चिठ्ठीवर एक आकडा, बाकी सगळे तोंडी. तारीख, किलोमीटर, कोणता भाग, कोणत्या नंबरचे तेल, मजुरी किती, हे लिहून द्यायला किती वेळ लागतो? काढलेला जुना भाग मालकाच्या हातात ठेवावा. यात तुमचा अपमान नाही, तुमची साख वाढते. आणि तरुण पोरांना आता हाताच्या अंदाजावर सोडू नका. आजच्या गाडीत सेन्सर आहेत, स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल आणि मोटर मेकॅनिकचे कोर्स आहेत. पोराने सकाळी तिथे शिकावे आणि संध्याकाळी तुमच्या हाताखाली. तुमच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला कागदाची जोड मिळाली, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाणारे गिऱ्हाईक तुमच्याकडेच राहील.

आम्ही गाडीत एक साधी शंभर पानी वही ठेवली आहे. डाव्या पानावर तारीख आणि किलोमीटर, उजव्या पानावर काम आणि रक्कम. दुकानाची रोजकीर्द ठेवणाऱ्याला हे अवघड नाही. या वहीमुळे आम्हाला कळते की पुढचे तेल केव्हा, ब्रेक केव्हा, टायर केव्हा. विकायची वेळ आली तर हीच वही गिऱ्हाईकासमोर ठेवता येईल, आणि त्याला आमच्या तोंडाच्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.

आता हिशेब पुरा करतो. २०१८ पासून सात वर्षे ही गाडी चालवली. पडतळीचे ५ लाख ८० हजार सात वर्षांत वाटले तर वर्षाला सुमारे ८३ हजार पडतात. डिझेल, विमा, टायर आणि नेहमीची दुरुस्ती वेगळी, पण ती नव्या गाडीलाही काही प्रमाणात असतेच. त्याऐवजी १२ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले असते, तर महिन्याचा हप्ता २५ हजारांच्या वर गेला असता, म्हणजे वर्षाला तीन लाख. तो पैसा आमच्या दुकानात मालाच्या रूपाने फिरला. २०२५ मध्ये गाडीला १५ वर्षे पूर्ण झाली, काट्यावर २ लाख ६० हजार किलोमीटर झाले. तपासणीला नेली, पास झाली, नोंदणी पाच वर्षांनी वाढून मिळाली.

काही बांधव म्हणतील, एवढी कटकट कशाला, दोन वर्षे पळवावी आणि विकून टाकावी. पण विकून टाकलेली ती निचोडलेली गाडी शेवटी कोणाच्या दारात जाते? आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या कारागिराच्या, ज्याने पै-पै साठवून ती घेतलेली असते. बाजारात आपला शब्द चालावा असे वाटत असेल, तर कापडाचा डागी तागा जसा आपण सांगून विकतो, तशीच गाडीही सांगून विकावी, आणि त्याआधी सांगण्यासारखी ठेवावी.

ज्यांनी नुकतीच गाडी घेतली आहे त्यांना आमची विनंती एवढीच. या आठवड्यात एक वही आणा, उस्तादांची जुनी बाकी असेल ती आधी चुकती करा, आणि मग त्यांनाच सोबत घेऊन बॉनेट उघडा.